कांडी भरणाऱ्यानं खोंडाचाही हिशोब द्यावा

संकरित जनावरांचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते देशी ते देशी, त्यात परदेशी रक्त घालणं हेच पाप, जर्सी-एचएफनं (एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, दोन्ही परदेशी दुधाळ गाई) सगळं वाटोळं केलं. दुसरी म्हणते, आपल्याकडच्या काटक खिलार जातीच्या गाईच्या दोन-तीन लिटर दुधावर पोरांच्या फिया भरून दाखवा, मग बोला. विट्याच्या बाजारात, डेअरीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की कोण पुढं काय बोलणार ते आधीच कळतं, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. पण संस्कृती, दूध, भाव, फॅट, सरकार सगळ्यावर बोलून होतं आणि ज्या जनावराला आपण माणसांनी ठरवून जन्माला घातलं त्याचं पुढं काय, हे कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संकर करण्यात पाप नाही. माणूस हजारो वर्षं हेच करत आलाय. पण कुठल्या गाईला कुठल्या वळूची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरली याची नोंद न ठेवता, होणारं जनावर आपल्या उन्हात, आपल्या चाऱ्यावर जगेल का हे न बघता, आणि नर झाला तर त्याचं काय करायचं याचं उत्तर हातात नसताना संकर करत राहणं हे चूक आहे, आणि सांगली-साताऱ्यात गेली चाळीस-पन्नास वर्षं आपण बहुतेक हेच करतोय.

आधी थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, दोघांचं खेचर ६३ गुणसूत्रांचं, जोड्या नीट लागत नाहीत म्हणून ते जवळपास नेहमीच वांझ निघतं. म्हणजे खेचराचा संकर एका पिढीत संपतो. खेचर पाहिजे असेल तर दरवेळी घोडी आणि गाढव दोन्ही पाळावीच लागतात, त्यामुळं मूळ दोन्ही जाती आपोआप टिकतात. म्हैस आणि गाय यांचा तर संकरच होत नाही, आपल्या म्हशीची गुणसूत्रं ५०, गाईची ६०. पण परदेशी बिनवशिंडाची गाय आणि आपली वशिंडाची गाय, दोघींचीही गुणसूत्रं ६०, त्यांचा संकर बिनबोभाट होतो आणि होणारी कालवडही पुढं वितेच. म्हणजे इथं मिसळलेलं रक्त थांबत नाही, पिढ्यानपिढ्या पुढं जात राहतं. एकदा पसरलं की परत वेगळं काढता येत नाही. म्हणून खेचराच्या बाबतीत जेवढी जबाबदारी लागते त्याच्या कितीतरी पट गाईच्या बाबतीत लागते, आणि आपण नेमकं उलटं करून बसलोय.

सुरुवात मात्र विचार करून झाली होती. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली ती गरीब शेतकऱ्याच्या दारात दूध देणारी गाय यावी म्हणून, आणि त्या कामामुळं किती घरं तरली याची गणतीच नाही. तीन लिटरवाली गाय जाऊन तिच्या पोटची दहा-बारा लिटरवाली आली, दर दहा दिवसाला बिल हातात यायला लागलं, आणि ते बिल बऱ्याच घरात बाईच्या हातात आलं. ऊस तोडायला जाणारी कुटुंबं गाईंमुळं घरी थांबली हे मी माझ्या भागात बघितलंय. पुढं टेंभू सिंचन योजनेचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडं फिरलं, मक्का-हत्तीगवत व्हायला लागलं, मुरघास (हवाबंद करून साठवलेला हिरवा चारा) आला आणि मग तर घरटी एचएफ झाली. त्यामुळं संकरित गाईला शिव्या घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्याच्या घरात पगार येतो त्यानं रानातल्या बाईला देशी गाय पाळायचा उपदेश करू नये.

पण मूळ शास्त्र सांगत होतं की परदेशी रक्त ५० ते साडेबासष्ट टक्क्यांपर्यंतच ठेवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले त्रिवेणी तयार केली तीही अशीच मोजून, निम्मं होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. पहिल्या पिढीत दोन्हीकडचे गुण एकत्र येतात, दूधही वाढतं आणि आईचा काटकपणाही बऱ्यापैकी राहतो, पहिल्या संकराची गाय सगळ्यात भारी असते ती त्यामुळंच. आता हिशोब करा. खिलारवर एचएफची कांडी भरली, कालवड झाली ५० टक्के. तिच्यावर परत एचएफ, ७५. तिच्या पोरीवर परत एचएफ, साडेसत्याऐंशी. आणखी एकदा, ९३ च्या वर. दहा-बारा वर्षांत गोठ्यात जवळजवळ हॉलंडची गाय उभी राहते आणि मालकाला पत्ताही नसतो, त्याच्या दृष्टीनं ती अजून "आपली घरची जर्सी" असते. ती गाय थंड मुलखासाठी घडलेली आहे, पारा २५ च्या वर गेला की तिला त्रास व्हायला सुरुवात होते, आणि जतला एप्रिल-मे मध्ये चाळीस असतो. मग धापा टाकणं, माज न दाखवणं, उलटणं (भरूनही गाभण न राहणं), गोचीड, थायलेरियाचा ताप, कासदाह. डॉक्टरांचं बिल, औषधाचं बिल, फॉगर, फॅन, मॅट. दूध वाढलं हे खरं, पण किती दूध औषधाच्या दुकानात गेलं हे कुणी लिहून ठेवत नाही. आणि पैशाचं सोडा, जे जनावर आपल्या हवेत सुखानं श्वास घेऊ शकत नाही ते आपण मुद्दाम ठरवून तयार करतोय. माझा मुख्य आक्षेप इथं आहे.

हे होतं कसं ते जवळून बघितल्याशिवाय कळायचं नाही. गाय सकाळी हंबरायला लागते, बळस (माजाचा चिकट स्राव) दिसतो, फोन जातो, आणि सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरायची म्हणून डॉक्टर दिवस मावळताना मोटारसायकलवर येतात. डॉक्टर म्हणजे बहुतेक वेळा कृत्रिम रेतन शिकलेला तरुण पोरगा. मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, झाकण काढलं की पांढरा धूर, आत उणे १९६ अंश. चिमट्यानं एक कांडी वर काढायची, बारीक, पाव मिलिलिटरची, त्यात दोनेक कोटी शुक्रजंतू. ३७ अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये घालायची, टोक कापायचं. कोपरापर्यंत हातमोजा. दोन मिनिटांत काम आटपतं. आमच्या शेजारच्या काकू दरवेळी एकच विचारतात, "डॉक्टर, औंदा तरी कालवड हुईल असं बघा." आणि तो पोरगा दरवेळी म्हणतो, "काकू, ते काय माझ्या हातात हाय का?" कुठल्या वळूची कांडी विचारलं तर, "चांगली हाय, पंचवीस लिटरची लाइन हाय."

आता त्या कांडीवर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं. वळूचा नंबर, जात, कुठल्या सीमेन स्टेशनची, बॅच. म्हणजे बापाचं नाव-गाव हातात आलेलं असतं, आणि काम झालं की ती रिकामी कांडी हातमोज्यात गुंडाळून उकिरड्यावर टाकून देतात. मी हे कायम बघतो आणि दरवेळी मला वाईट वाटतं. सगळ्या संकराच्या शास्त्राचा पाया म्हणजे बाप कोण आणि आई कोण याची नोंद, आणि ती नोंद आपण शेणात टाकतो. दोन-अडीच वर्षांनी त्याच गाईची कालवड माजावर येते, तिला कुठली कांडी भरली? कुणास ठाऊक, त्याच वळूची असू शकते. बाप-लेकीचा संबंध आपल्याच गोठ्यात, आपल्याच पैशानं.

नात्यातल्या नात्यात भरलं की काय होतं त्याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथं १९६२ साली चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू जन्मला, पूर्ण नाव पॉनी फार्म अर्लिंडा चीफ. त्याच्या लेकी इतकं दूध द्यायच्या की त्याची कांडी सगळीकडं गेली, सोळा हजार लेकी, त्यांच्या पाच लाख लेकी, अशी ती लाइन पसरत गेली. नंतर डीएनए तपासणी आली तेव्हा कळलं की चीफच्या अंगात एक दोष लपलेला होता, आई-बाप दोघांकडूनही तो दोष आला की वासरू पोटातच मरतं. जगभरात पाच लाखांच्या वर गर्भ त्या एका दोषामुळं गेले असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढलाय. त्यांच्याकडं पिढ्यानपिढ्यांच्या वंशावळी लिहिलेल्या होत्या म्हणून निदान हे सापडलं तरी, आता तिथले लोक तपासणी करून तसे जोड टाळतात. आपल्याकडं गाय उलटली, गाभडली की आपण म्हणतो नजर लागली, नाहीतर डॉक्टर बरोबर नाही. खरं कारण शोधायला कागदच नाही.

आता खोंडाकडं, म्हणजे नर वासराकडं येतो, कारण या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट ती आहे आणि तिच्यावरच कुणी बोलत नाही.

साधी कांडी भरली की निम्मी वासरं नर होणार. एचएफ क्रॉसचा खोंड शेतकऱ्याच्या कामाचा नाही. वशिंड नसल्यासारखंच, जू नीट बसत नाही, उन्हात टिकत नाही, आणि तसंही नांगरट ट्रॅक्टरनं होते. पूर्वी तो विकला जायचा. २०१५ च्या कायद्यानं राज्यात गाईबरोबर बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली, आणि गिऱ्हाईकच गेलं. तो कायदा बरोबर का चूक हा वाद मला इथं घालायचा नाही, पण कायदा झाल्यावर त्या खोंडाला जगवायची सोय कुणी केली नाही हे तर दिसतंय. खोंडाला रोज तीन लिटर दूध पाजायचं म्हटलं आणि लिटरला ३० रुपये धरले तर दिवसाला ९० रुपये, महिन्याला २७०० झाले, ते पण ज्याच्याकडून एक रुपया परत येणार नाही त्याच्यावर. मग काय होतं? चीक निघेपर्यंत पाजतात, नंतर पान्हा सोडवण्यापुरतं सडाला लावून ओढून घेतात. गोठ्याच्या कडेला हातभर दाव्यावर बांधलेलं, माती खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकं, बरगड्या वर आलेल्या, केस उभे राहिलेले, शेपटीला संडास वाळलेली. पंधरा-वीस दिवसांत आपोआप जातं. "टिकलं नाही" असं म्हणतात. नाहीतर रात्रीत टेम्पोत घालून लांब कुठंतरी सोडून येतात, ज्या गावात सोडलं तिथल्या लोकांच्या पिकात ते शिरतं आणि काठ्या खातं. हे करणारी माणसं दुष्ट नाहीत, मी त्यांना ओळखतो, तीच माणसं बेंदराला बैलाच्या पायावर डोकं ठेवतात. पण ज्या व्यवस्थेत भल्या माणसाला असं वागावं लागतं ती व्यवस्था बदलली पाहिजे, नुसतं त्या माणसाला दोष देऊन भागणार नाही.

आणि हे बघा, त्याच तालुक्यात चार कोसावर उलटं चित्र असतं. खिलारवाल्याच्या दारात खोंड झाला तर पेढे वाटतात. बैलगाडा शर्यतींना सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मग मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून काजळी, कोसा अशा रंगांच्या खिलार खोंडांचे भाव परत लाखांत गेले. खरसुंडीच्या यात्रेत, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जाऊन बघा, खोंडाच्या अंगावरनं हात फिरवत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावरचा आनंद बघा. (शर्यतीत जनावराला होणारा त्रास हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) सांगायचा मुद्दा असा की नर वासरू नकोसं होणं हा काही निसर्गाचा नियम नाही. आपण कुठला संकर निवडला, कशासाठी निवडला, यावर ते ठरतं.

देशीवाल्यांना पण एक सांगायचंय. खिलार ही आभाळातून पडलेली जात नाही. म्हैसूरकडच्या हळ्ळीकर-अमृतमहल गुरांशी तिचं नातं सांगतात. आटपाडी महाल हा औंध संस्थानचा मुलूख, तिथं, माणदेशात, सांगोल्याकडं राजापासून मेंढपाळापर्यंत पिढ्यानपिढ्या लोकांनी वळू निवडून निवडून, उंची बघून, शिंग बघून, चाल बघून ही जात घडवली. म्हणजे ती पण माणसानंच केलेली आहे, फक्त लक्ष देऊन केलेली आहे. दुष्काळात तिची किंमत कळते. २०१२-१३ आणि २०१८-१९ ला माण, खटाव, आटपाडी, जतच्या चारा छावण्यांत ज्यांनी दिवस काढले त्यांना विचारा, उसाच्या वाढ्यावर कुठलं जनावर उभं राहिलं आणि कुठलं बसलं. अशी जात एकदा मिसळून गेली की परत येत नाही, आणि हे मी भावनेनं म्हणत नाही. चंदीगडजवळ छतबीरच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकन सिंहांची सरमिसळ झाली. प्रजा वाढत गेली, नंतर तपासलं तर सगळे संकरित. गीरचा सिंह वाचवायच्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, शेवटी नरांच्या नसबंद्या केल्या आणि ते सिंह तिथंच पिंजऱ्यात म्हातारे होऊन संपले. कोलकात्याच्या अलीपूरला तर सत्तरच्या दशकात वाघ-सिंहाचा संकर मुद्दाम केला होता, टायगॉन म्हणून, लोक तिकिटं काढून बघायला यायचे. पुढं १९८५ ला देशात असले संकर बंद झाले ते बरंच झालं, त्या जनावराला ना जंगल होतं ना कळप, फक्त बघणाऱ्याची हौस होती. खिलारचा मुलूख मोठा असल्यामुळं आपल्याला वाटतं की ती संपणार नाही, पण एचएफची कांडी गावोगावी सहज मिळते आणि खात्रीच्या खिलार वळूसाठी गाय टेम्पोत घालून न्यावी लागते, अशी गत असेल तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मग चांगला संकर असतो का? असतो, आणि तो बघायला लांब जायला नको, साताऱ्यातच फलटणला आहे. तिथं निंबकर कृषी संशोधन संस्थेनं मेंढीवर केलेलं काम मला या सगळ्या वादाचं खरं उत्तर वाटतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. आपली दख्खनी मेंढी, लोणंदकडची, काटक, चालायला दमत नाही, पण एका वेताला बहुतेक एकच कोकरू. इकडं बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी मेंढी आहे, दलदलीत राहणारी, आणि तिला जुळी-तिळी सर्रास होतात. त्याचं कारण एक जनुक, फेक-बी नावाचं. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेंढीत तेच सापडतं आणि ते मुळात बंगालमधून तिकडं गेलं असं मानतात. आता आपल्या नेहमीच्या पद्धतीनं काय केलं असतं? गरोळचे नर आणून सोडले असते दख्खनी कळपात, जुळी झाली असती, आणि चार-पाच वर्षांत धनगरांच्या हातात बुटक्या, कमी वजनाच्या मेंढ्या आल्या असत्या, ज्या कोकणात जाऊन परत येण्याइतक्या चालल्याच नसत्या.

तसं केलं नाही. संस्थेनं ते एक जनुक तेवढं उचललं. संकर करायचा, होणाऱ्या कोकराचं रक्त तपासून जनुक आलंय का बघायचं, आलं असेल त्याचा परत दख्खनीशी जोड लावायचा, परत तपासायचं. असं करत करत गरोळचं बाकीचं अंग कमी होत गेलं आणि जुळं होण्याचा गुण तेवढा राहिला. मांसासाठी कर्नाटकातली बन्नूर मेंढीही त्यात घेतली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांची मदत होती. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी झाली. आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी जनुक कळपात आणून सोडून दिलं नाही, ती मेंढी प्रत्यक्ष धनगरांच्या कळपात देऊन दोन कोकरं जगतात का, आईला दूध पुरतं का, हे मोजलं. जुळी झाली आणि एक मेलं तर उपयोग काय? त्या जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं, म्हणजे उगाच तिळ्याच्या मागं लागायची गरज नाही, हे पण अभ्यासातनंच कळतं. काम नव्वदच्या दशकापासून चालत आलंय. वेळ लागला, पण प्रत्येक पायरीला त्या जनावराचा विचार झालेला दिसतो.

शेळीत मात्र आपण परत गायीचीच गोष्ट करतोय. बोअर या परदेशी जातीचा बोकड म्हणजे वजन, म्हणून दिसेल त्या उस्मानाबादी शेळीवर बोअर, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, किलोचा भाव, झालं. लहान चणीच्या शेळीच्या पोटात मोठ्या नराचं करडू, ती अडते. ती रात्रभर ओरडत असते आणि मालक यूट्यूब बघत असतो. हेच एचएफच्या मोठ्या वळूची कांडी लहान कालवडीला भरल्यावर होतं, दोरी लावून ओढून काढावं लागतं. बाप निवडताना आईच्या कमरेचा विचार करायचा ही साधी माणुसकी झाली, त्याला कायदा लागू नये.

आता करायचं काय. माझ्या डोक्यात जे आहे ते आकड्यांसकट सांगतो, चुकत असेल तर आकड्यांनीच खोडा.

शंभर गाईंची एक दूध संस्था धरा, रोजचं संकलन हजार लिटर. वर्षाला ऐंशी गाई वितात म्हणा. साध्या कांडीनं त्यात ४० खोंड होणार. आता संस्थेनं लिटरमागं ५० पैसे खोंडांसाठी बाजूला काढले तर वर्षाला एक लाख ब्याऐंशी हजार होतात, म्हणजे खोंडामागं साडेचार हजार. त्यात काही होत नाही, दोन महिने दूध पाजून व्हायच्या आतच संपले. पण सेक्स्ड सीमेन वापरलं, ज्यात ९० टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, तर खोंड उरतात आठ. तेच पैसे आठांत वाटले तर एकामागं बावीस-तेवीस हजार येतात, आणि एवढ्यात वासरू जगतं, मोठं होतं, एखाद्या पांजरपोळाला (निराधार जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेला) पैशासकट देता येतं. म्हणजे नुसता निधी काढून भागत नाही, नुसती कांडी बदलून पण आठ जीव उरतातच, दोन्ही एकत्र केलं तर गणित बसतं. हे तंत्र काय परदेशातच आहे असं नाही, आपल्या पलूस तालुक्यात भिलवडीजवळ वळूंचं केंद्र आहे, सेक्स्ड कांड्या इथं मिळतात. वळूच्या मादी-शुक्रजंतूत नरापेक्षा चारेक टक्के जास्त डीएनए असतो, तो फरक ओळखून यंत्र ते वेगळे करतं. या कांडीनं गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, हे खरं आहे, म्हणून ती निरोगी कालवडीला आणि चांगल्या माजावरच्या गाईलाच भरायची, सरसकट नाही, त्यामुळं आठाच्या जागी बारा-चौदा खोंड होतील. तरी गणित बसतंच. अनुदान द्यायचं तर सरकारनं आधी इथं द्यावं.

दुसरं रक्ताच्या टक्क्याचं. साठ-पासष्टच्या वर एचएफ गेलेल्या गाईला परत शुद्ध एचएफ भरू नये, तिला सहिवाल किंवा गीर, नाहीतर मोजलेल्या संकरित वळूची कांडी द्यावी. यावर लोक म्हणतील दूध कमी होईल. दोन-चार लिटर होईलही. पण गाय वेळेवर गाभण राहिली, दोन वेतं जास्त दिली, औषध कमी लागलं, तर वर्षाच्या शेवटी हातात काय राहतं ते बघा. ज्याच्याकडं बंदिस्त गोठा, फॉगर, मुरघास सगळं आहे त्यानं जास्त टक्का जरूर ठेवावा, त्याची गाय सुखात राहू शकते. माणदेशात पत्र्याच्या शेडमध्ये तीच गाय बांधणं म्हणजे तिचे हाल आहेत.

आटपाडी, जत, माण हा पट्टा खिलारसाठी राखावा असं मला मनापासून वाटतं. सक्ती करून नाही, ज्याला एचएफ पाळायची त्यानं पाळावी. पण शासनाचे, संस्थांचे चांगले खिलार वळू गावात उभे राहिले पाहिजेत, त्यांची कांडी एचएफच्या कांडीइतकी सहज मिळाली पाहिजे, आणि जो शेतकरी खिलार गाय राखून वळू तयार करतो त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. माडग्याळ मेंढीचं उदाहरण समोर आहेच, २०२० च्या डिसेंबरात आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याच्या बातम्या झाल्या. असले भाव हौसेचे असतात, त्यावर धंदा चालत नाही, पण एक कळतं की आपल्या जातीला ओळख मिळाली की लोक ती स्वतःहून सांभाळतात.

काही जण म्हणतात शेतकऱ्याच्या मागं आधीच काय कमी आहे, आता हे नवीन कागद कशाला. मला हे पटत नाही. कागद शेतकऱ्याच्याच फायद्याचा आहे. कालवड विकताना बाप कोण, आईचं दूध किती, रक्त किती टक्के हे लिहिलेलं असेल तर गिऱ्हाईक दहा हजार जास्त देतं, पंजाबातनं गाई आणणारे व्यापारी नेमकं हेच सांगून आपल्याला लुटतात, आणि आपण तोंडी विश्वासावर पैसे मोजतो. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर आहे, त्या नंबरावर ऑनलाइन नोंद करायची सोय पण आहे. राहिलं काय, तर कांडी भरणाऱ्यानं तिथंच उभं राहून नोंद करायची आणि मालकाला कागद द्यायचा. हा खर्च शेतकऱ्यावर टाकायचा नाही, कांडी विकणाऱ्यानं आणि दूध घेणाऱ्यानं तो उचलायचा, कारण या संकराचा सगळ्यात मोठा फायदा त्यांनाच होतो. दूध पाहिजे म्हणून गाय जन्माला घातली, मग त्याच वेतात झालेला खोंड एकट्या शेतकऱ्याचा कसा?

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. रिकामी कांडी उकिरड्यावर जाऊ द्यायची नाही, डॉक्टरांकडून मागून घ्यायची, धुवून वहीत चिकटपट्टीनं लावायची, बाजूला गाईचा बिल्ला नंबर आणि तारीख लिहायची. डॉक्टर नाही म्हणत नाहीत, त्यांना कुणी मागितलेलीच नसते. आमच्याकडं काही घरांत अशा वह्या सुरू झाल्यात आणि त्या बहुतेक बायकाच ठेवतात, कारण गाईचा माज पहिल्यांदा त्यांनाच कळतो. या वह्या वर्षातून एकदा दूध संस्थेच्या सचिवानं गोळा करून एका रजिस्टरला उतरवल्या तर कुठल्या वळूच्या कालवडी गावात किती आहेत, कुणाच्या गाईचं रक्त किती टक्क्यांवर गेलंय आणि यंदा किती खोंड झाले, त्यातले किती जिवंत आहेत, हे त्या रजिस्टरवरनंच कळेल, आणि हा शेवटचा आकडा संस्थेच्या वार्षिक सभेत नफा-तोट्याबरोबर वाचून दाखवला पाहिजे असा ठराव मी आमच्या सभेत मांडणार आहे.